उलटे वल्हे

फार वर्षांपूर्वी, राजे लोक कर्ज काढायला नुकतेच शिकले होते त्या काळी, एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होते. तिथला सगळा व्यवहार नदीतल्या नावांवर चाले.

तिथे एक रीत होती. ज्याची नाव चालवण्याजोगी उरली नाही, तो नावाडी आपले वल्हे काठावर उलटे रोवून ठेवी. ते पाहून एक म्हातारा येई, कुजक्या नावा पडत्या भावात विकत घेई, आणि तीन मोडून त्यांच्या धड फळ्यांतून एक पक्की नाव उभी करी. त्यात त्याला बरा नफा होई. लोक त्याला गिधाड म्हणत. त्याच्याच नावेत बसून पलीकडे जाताना म्हणत.

एका वर्षी मोठा पूर आला आणि काठावर एकदम चाळीस वल्ही उलटी उभी राहिली. त्यातले एक होते एका तरुण नावाड्याचे. म्हाताऱ्याने त्याच्या नावेच्या तळावर बोट दाबले. ते आत गेले. त्याने तीस नाणी देऊ केली, वर नव्या नावेवर काम. नावाड्याची बायको म्हणाली, घ्या. नावाडी म्हणाला, उद्या बघू.

त्याच दिवशी राजाची स्वारी नदीवर आली. उलटी वल्ही पाहून राजाला फार वाईट वाटले. राजा मनाचा चांगला होता. मोठे नुकसान बहुधा असेच राजे करतात. दवंडी पिटली गेली : यापुढे एकही वल्हे उलटे दिसता कामा नये, एकही नाव मोडली जाऊ नये. मोडकळीला आलेल्या प्रत्येक नावेला खजिन्यातून शंभर नाणी, रंग आणि राजमुद्रा.

दुसऱ्या दिवशी धड नावा असलेल्यांनीही आपली नाव कुजल्याचे शपथेवर सांगितले.

"गिधाडबाबा, आता दुसरीकडे घिरट्या घाला," नावाडी हसत म्हणाला.

"घालतो की. पण लेका, त्या शंभरात तळ तेवढा बदलून घे."

नावाडी खरेच विचारायला गेला. कचेरीत त्याला सांगण्यात आले की तळ काढणे म्हणजे नाव मोडणे, आणि नाव मोडायला मनाई आहे. मग त्याने रंग दिला.

खजिना लवकरच आटला. राजाने शेजारच्या राजाकडून कर्ज काढले, ते फेडायला दुसरे काढले, आणि घाट व त्यावरच्या एकशे वीस नावा तारण लिहून दिल्या. आता कुजकी नाव मोडणे म्हणजे तारण कमी करणे झाले. दरवर्षी नावा मोजल्या जात. आकडा बरोबर भरे. व्याजासाठी नावांवर कर बसला, आणि तो भागावा म्हणून नावाडी दुप्पट माणसे बसवू लागले.

तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, शांत पाण्यात त्या नावाड्याच्या नावेचा तळ सुटला. चौदा माणसे गेली. त्यांत नावाडीही होता. राजमुद्रेची फळी तेवढी काठाला लागली. तिचा रंग ताजा होता.

त्याची बायको म्हाताऱ्याकडे गेली. "त्या दिवशी तीस नाण्यांना दिली असती तर," एवढेच म्हणाली.

म्हातारा म्हणाला, "मला पन्नास देता आली असती, बाई. मी घासाघीस केली."

तिने घरी उरलेले नवऱ्याचे जुने वल्हे काठावर उलटे रोवले.

चौदा जण बुडाल्यावर लोक नावेत बसेनात. कर थांबला, व्याज थकले, आणि शेजारच्या राजाची माणसे घाट ताब्यात घ्यायला आली. राजाने घाईने म्हाताऱ्याला बोलावले. "हा सगळा घाट तुम्हीच घ्या. मिळेल त्या भावाने. तुम्ही मोडके घेता ना?"

"मोडके घेतो, महाराज," म्हातारा म्हणाला. "बुडालेले नाही घेता येत."

घाट गेला, मग राज्य गेले. ते वल्हे पुढे कित्येक वर्षे तसेच उभे होते. काढा म्हणून हुकूम द्यायला राजाच उरला नव्हता.

तात्पर्य : जे कुजले ते वेळेवर मोडू द्यावे, उसन्या पैशाने त्याला रंग दिला, तर त्यात बसलेली माणसे बुडतात.