तक्रार नसलेलं वर्ष

ही माझ्याच फजितीची गोष्ट आहे, म्हणून मीच सांगतो.

भर शहरातल्या आमच्या कॉलेजात मी डीन झालो आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसबाहेरचा लाकडी बाक अडगळीत टाकला. माझ्या आधीच्या डीन कुंटेबाई त्या बाकावर मुलांशेजारी बसून हॉस्टेलच्या जेवणापासून घरच्या भांडणापर्यंत सगळं ऐकायच्या. मला ते गबाळं वाटायचं. मी तक्रारींसाठी वेबसाइट काढली, दाराला कार्डाचं कुलूप बसवलं. बाकामागच्या भिंतीवर मुलांच्या डोक्यांचे तेलकट डाग पडले होते, त्यांवरही रंग मारून घेतला.

वर्षअखेरीला तपासणी समिती आली. मी छाती फुगवून म्हणालो, "कुंटेबाईंच्या वेळी वर्षाला तीनशे तक्रारी यायच्या. यंदा एकही नाही!"

अध्यक्षांनी कौतुकानं लिहून घेतलं. तेवढ्यात शिपाई यमुनाबाई चहा घेऊन आल्या. मला अजून शाबासकी हवी होती.

"काय यमुनाबाई, खरं की नाही? तुम्ही वीस वर्षं या दाराशी आहात."

"अगदी खरं, सर," कप ठेवत त्या म्हणाल्या. "आमच्या गावचा दवाखाना बंद पडला ना, त्या वर्षी तिथंही एकसुद्धा पेशंट आला नव्हता."

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी लिहिलेलं वाक्य निमूटपणे खोडलं.

बाक मी दुसऱ्याच दिवशी जागेवर आणून ठेवला. रोज येता-जाता मागची भिंत बघतो. चार महिने झाले, तिच्यावर अजून एकही डाग पडलेला नाही.