पहिल्या धारेचं तेल

एका गावात एक लाकडी तेलघाणा होता आणि घाण्याचा मालक एक टकलू म्हातारा होता. त्या घरात जुनी रीत होती. करडईचा घाणा सुरू झाला की तेलाची पहिली धार घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या डोक्यावर थापायची. रीत कुणी घातली, ठाऊक नाही. ज्याच्या डोक्यावर तेल पडत होतं, त्यानं कधी विचारलं नाही.

म्हाताऱ्याच्या सुनेनं कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांना कोंडा मिळायचा आणि त्यावर वडे तळून उरलेलं काळं तेल.

"टाकायचं कशाला? जनावराला काय कळतंय," म्हातारा म्हणायचा.

कोंबड्यांची पिसं केरसुणीसारखी झाली. अंडी क्वचित मिळायची, तीही लिंबाएवढी. तेवढ्यात लेक-जावई सणाला येणार असल्याचा निरोप आला.

"सूनबाई, तोवर टोपलीभर अंडी जमली तर अंड्याचं कालवण," म्हातारा म्हणाला. "नाही जमली, तर कोंबड्यांचंच करू. फुकटच्या पोसायला हा काय धर्मशाळेचा घाणा आहे?"

"मामंजी, पहिल्या धारेतलं चमचाभर ताजं तेल द्या. कोंड्याला चोळून घालते. अंगाला लागेल त्यांच्या."

"माझ्या डोक्याचं तेल कोंबड्यांना? उद्या म्हणशील, त्यांना खाटही द्या."

यावर बोलून उपयोग नव्हता. ज्याला आपलं टक्कल कोंबडीच्या जिवापेक्षा मोठं वाटतं, त्याच्याशी काय वाद घालणार? सुनेनं वेगळीच वाट धरली. घरातल्या बायकांना केसांसाठी वाटीभर करडईचं तेल मिळायचं. आपल्या वाटणीचं तेल तिनं डोक्याला लावणं बंद केलं. कोंडा आणि भरडलेली बाजरी एकत्र करून त्यावर ती थोडंसंच तेल सोडायची आणि दाणा नुसता चकाकेपर्यंत हातानं चोळायची. काळं तेल तिनं बैलगाडीच्या आसाला घातलं.

विहिरीवर शेजारीण म्हणाली, "अगं, तेल्याच्या घरची तू आणि डोक्याची पेंढी झाली की."

"असू दे. कोंबड्या बघायला ये," सून म्हणाली.

हळूहळू कोंबड्यांच्या अंगावर तकाकी आली. अंडी वाढली, मोठी झाली. गाडीचं करकरणंही थांबलं, पण ते म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. गप्प झालेल्या वस्तूकडे मोठी माणसं कशाला बघतील?

सणाला टोपली भरली. कोंबड्या वाचल्या. जावई दुसऱ्यांदा कालवण वाढून घेत म्हणाला, "मामा, अंडी झकास आहेत. खायला काय घालता?"

म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. "आमचं वड्यांचं तेल, जावईबापू. मीच घालायला लावलं. अनुभव लागतो. सूनबाई, उद्यापासून दुप्पट घाल."

सुनेचा हात थबकला. गप्प राहावं, तर कोंबड्या पुन्हा केरसुण्या होणार. बोलावं, तर जावयासमोर सासऱ्याची लाज जाणार. ती आत गेली आणि काळ्या तेलाची वाटी घेऊन आली.

"दुप्पट घालते, मामंजी. आधी तुम्ही बोट बुडवून चाखा."

जावई बघत होता. म्हाताऱ्यानं बोट चाटलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"खवट आहे," तो पुटपुटला.

"हेच खाऊन त्यांनी अंडी द्यायची होती. पण हे तर केव्हापासून गाडीच्या आसाला जातंय. अंडी आलीत माझ्या केसांच्या तेलातून."

लेक खुदकन हसली. म्हाताऱ्यानं बोट धोतराला पुसलं.

पुढचा घाणा लागला. पहिली धार आली. म्हाताऱ्यानं सवयीनं ओंजळ धरली, डोक्यापर्यंत नेली, आणि मग कोंड्याच्या टोपलीत रिकामी केली.

"डोकं तसंही थंड आहे आज," तो म्हणाला. माफी मागितली नाही. म्हातारे मागत नाहीत. पण दुसरी ओंजळ भरून त्यानं सुनेच्या वाटीत ओतली. "केसांना लाव. बुजगावणं दिसतेस."

सून हसली. कोंबड्या टोपलीभोवती जमल्या आणि टोचा मारू लागल्या. धार वाहत राहिली. सगळ्यांना पुरून उरेल एवढं तेल त्या घाण्यात पहिल्यापासूनच होतं.

तात्पर्य: ज्यांच्याकडून अंडी हवीत, त्यांना ताटातलं खरकटं देऊ नये. दिलंच असेल, तर निदान अंड्यांचं श्रेय तरी घेऊ नये.