सात घरांचं सूप

माझं शिक्षण आठवीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं किंवा शब्द साधेच वाटले, तर सांभाळून घ्या.

तळेगावात कोरियन पाहुण्यांच्या गेस्ट हाऊसवर मी स्वयंपाक करतो. गच्चीवर आमचा एक तपकिरी रांजण आहे. त्यात आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण असतं, दोएनजांग म्हणतात त्याला. सुपाचा सगळा जीव त्यातच. ते कुठे काळपट, कुठे पिवळं दिसतं. असं का, हे पाहुणे हमखास विचारतात. मालकांच्या आई, ओक-सुन आजी, यांनी मला सांगितलं तेच मी त्यांना सांगतो.

आजींच्या गामगोल गावात फार पूर्वी बुन-ई नावाची नवी सून होती म्हणे. सासू लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि जाताना एकच काम सांगून गेली. ऊन असलं की रांजणाचं झाकण काढायचं, ढग दिसला की लावायचं. बुन-ई ओढ्यावर मुळे धूत बसली आणि अवचित सर आली. ती धावत घरी पोचली तोवर रांजण तुडुंब भरला होता. वर्षभराचं वाटण नासलं. त्या काळी अशा सुनेला माहेरी धाडत, असं सांगतात. बुन-ईला तर माहेरच उरलं नव्हतं.

तिने रडत रडत रांजण घासला. हे घर राहिलं, तर दरवर्षी नव्या वाटणाचा पहिला चमचा दुसऱ्याच्या घरी देईन, असा नवस केला. शेजारणीने तो ऐकला. ती लगेच घरी गेली आणि वाडगाभर वाटण घेऊन आली. संध्याकाळपर्यंत सात घरांतून सात वाडगे आले. कुणाचं काळपट, कुणाचं पिवळं.

सासू परतली. बुन-ईने मुळ्याचं सूप केलं, पालक उकडून तिळाच्या तेलात घोळला आणि मान खाली घालून वाढलं. सासूने एक घोट घेतला, चमचा खाली ठेवला.

"यात सात घरं आहेत."

बुन-ई माफी मागायला वाकली.

"माझ्या वेळी नऊ होती," सासू म्हणाली. "वाढ अजून."

तेव्हापासून त्या गावात वाटण नासल्याचं लपवणं बंद झालं. आजही तिथे नवी सून आली की शेजारणी आपापले वाडगे घेऊन येतात, तिचं काही नासायच्या आधीच.

आजींनी हे मला सांगितलं, त्या दुपारी वळीव पडला होता आणि झाकण लावायला मी विसरलो होतो. नोकरी सोडून जायचं म्हणून पिशवीही भरली होती. आजींनी रांजणात डोकावून पाहिलं, मग ही सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "निवृत्ती, पिशवी ठेव. आपल्या गल्लीत कोरियन घरं किती, ते मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामा वाडगा घेऊन पहिल्या घराची बेल वाजवली. काय बोलायचं ते घोकत आलो होतो, पण बोलायची वेळच आली नाही. दार उघडणाऱ्या बाईंनी वाडग्याकडे पाहिलं, तो माझ्या हातातून घेतला आणि तो भरून आणायला आत गेल्या.