न पाहिलेल्या पाण्याची बातमी

नांदूरखडी गावात दिगंबर नावाचा एक पत्रकार राहत होता. निदान त्याच्या मोटारसायकलवर तरी तसं लाल अक्षरात लिहिलेलं होतं. पत्रकार म्हणजे काय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कार्यक्रमात पुढची खुर्ची, गळ्यात शाल, हातात नारळ, आणि नाक्यावर पोलिसानं हात केला तरी न थांबणं, एवढा अर्थ त्याला पुरत होता.

त्याची एक रीत होती. कार्यक्रमाची बातमी तो आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा आणि ठरल्या दिवशी घरबसल्या पाठवून द्यायचा. हार तेच, भाषणं तीच, टाळ्याही त्याच. शेवटी 'मोठ्या उत्साहात संपन्न' टाकलं की झालं. उन्हातान्हाचं जायचं कशाला? आजवर कुठं अडलं नव्हतं.

गावात पाण्याची नवी टाकी बांधली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरपंच आबासाहेबांचा फोन आला. "दिगू, पाण्याची तपासणी झाली, पाणी पिण्याला चांगलं आहे, असंही घाल त्यात."

दिगंबरनं घातलं. कुणी तपासलं, कुठं तपासलं, हे विचारायला त्याचं तोंड दुखलं असतं.

उद्घाटनाला पाहुणे आलेच नाहीत. हार सुकले, मंडपवाला शिव्या देत मंडप उतरवून घेऊन गेला. पण पाणी सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीही आली. पाहुणे आले, बोलले, टाळ्या पडल्या. लोक पारावर बसून खूप हसले. पाहुण्यांचं खोटं आहे हे सगळ्यांनी ओळखलं. पण त्याच बातमीतलं पाण्याचं मात्र खरं धरलं. माणसं अशीच वाचतात.

आठवडा सरायच्या आत गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी एका घरात, मग शेजारच्या घरात, मग आळीच्या आळी. तालुक्याला जाणाऱ्या जीपमध्ये जागा मिळेना. आणि एका सकाळी दिगंबरच्या लहानग्या ओवीला अंथरुणातून उठवेना. डोळे खोल गेलेले, ओठ वाळलेले.

"पाणी उकळून देत नव्हतीस का?" तो बायकोवर ओरडला.

मंदा पोरीला फडक्यात गुंडाळत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "देत होते. मग तुमची बातमी वाचली. म्हटलं, घरचाच माणूस लिहितोय, कशाला गॅस जाळा."

तिला आणि पोरीला जीपमध्ये बसवून दिगंबर तडक आबासाहेबांकडे गेला.

"आबा, पाण्याची तपासणी झाली होती ना?"

"होणार होती."

"मग झाली म्हणून का सांगितलंत?"

"मी फोनवर बोललो. छापलंस तू. मला कुणी विचारलं तर मी तुझाच पेपर दाखवणार, हे बघ, झाली तपासणी." आबासाहेबांनी चहाची बशी पुढं सरकवली. "घाबरतोस काय? मागं वाल्मीकच्या पोरीचं लग्न झालं, त्या जेवणानं सगळं झालं असं लिही. गरीब माणूस आहे, काही बोलायचा नाही. आणि लक्षात ठेव, दिवाळीची जाहिरात माझ्या हातात आहे."

"आजचं पाणी तरी बंद ठेवा."

"टाकी बंद केली की माझं तोंड काळं. चारला पाणी सुटणार म्हणजे सुटणार."

चहा तसाच ठेवून दिगंबर बाहेर पडला. लिहायचं काय हे त्याला अजून कळत नव्हतं. वाल्मीकचं नाव टाकलं तर कुणीच त्याला दोष देणार नव्हतं. पण पोरीचे ओठ डोळ्यांसमोरून हलेनात. मग त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. पायी गेला आणि पाहिलं. टाकीपासून पाइपाच्या कडेकडेनं, काट्याकुट्यातून, नाक दाबून तो चालत राहिला. पाटील आळीच्या मागं पाइपाचा जोड निखळून गटारात बुडाला होता. काळं पाणी त्यात आत जात होतं. ते बघायला डोळे पुरत होते, मोठी तपासणीही लागत नव्हती.

त्यानं फोटो काढला, पेपरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, उद्या बघू. उद्या? चार वाजायला आले होते. तो पळत नळाकडे गेला.

नळापुढं हंडे, कळश्या, डबे लागले होते. पाणी सुटलं होतं.

"भरू नका. पाण्यात गटार मिसळलंय. मी बघून आलोय."

शेवंताकाकूंचा हंडा नळाखाली होता. त्या काही हलल्या नाहीत. "पाणी चांगलं आहे. पेपरात आलंय."

"काकू, पेपरात मीच लिहिलं होतं ते."

"मग तेव्हा खोटं बोललास का आत्ता बोलतोयस?"

"तेव्हा."

"आणि आत्ता खरं कशावरून? आबांशी बिनसलं वाटतं तुझं."

मागच्या बायका हसल्या. छापलेलं त्यानंच, आणि आता त्याच्याच तोंडावर कुणाचा विश्वास बसेना. कुणी त्याला ढकलून पुढं जात होतं, कुणी भरलेली कळशी कमरेवर घेऊन घराकडे निघालं होतं. किती घरांत ते पाणी जाणार, कुणाचं पोर आधी पिणार, काही समजेना.

"माझ्यावर ठेवू नका विश्वास," तो म्हणाला. "माझ्याबरोबर चला, तुमच्या डोळ्यांनी बघा. पाटील आळीच्या मागंच आहे."

शेवंताकाकूंनी हंडा बाजूला ठेवला. "चल. खोटं निघालं तर तुलाच पाजते."

त्या गेल्या, वाकून पाहिलं, पदर नाकाला लावला आणि परत येऊन भरलेला हंडा रस्त्यावर ओतला. मग एकीनं ओतला, मग दुसरीनं. ज्या आधीच भरून गेल्या होत्या त्यांच्या दारोदार दिगंबर फिरला. काही घरांतून शिव्या मिळाल्या. काही घरांत पाणी पिऊन झालं होतं.

ओवी वाचली. खालच्या आळीतली तान्हाआजी वाचली नाही. तिला वाचता येत नव्हतं. पाणी चांगलं आहे ही बातमी तिला सुनेनं वाचून दाखवली होती.

तात्पर्य: जाऊन पाहिलं, चार जणांना विचारलं आणि मग सांगितलं, तरच ती पत्रकारिता; कुणाच्या सांगण्यावरून घरबसल्या लिहिलेलं खोटं मागून कितीही धावलात तरी सगळ्या घरांतून परत आणता येत नाही.