चंद्राच्या खळ्या

"पण बुवा, हा घाव भरून कधी येणार?"

विचारणाऱ्या वसुमतीबाई चंद्रावरच्या विवरांच्या मोठ्या अभ्यासक. त्यांच्यासमोर विद्यार्थी श्वाससुद्धा जपून घेत. कुणाचा शब्द चुकला की बाई तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. स्वभावाला औषध नसतं, दुसरं काय?

मागच्या वर्षी त्यांचा सहा वर्षांचा तन्मय तापाने गेला. तेव्हापासून बाई एकदाही रडल्या नव्हत्या. नातेवाईक म्हणत, दगड झाली. ते खरंच असावं, अशी आता त्यांनाच भीती वाटू लागली होती. म्हणून त्या लोणारला, सरोवराच्या काठावर राहणाऱ्या सोमगीर बुवांकडे आल्या होत्या.

बुवांनी खालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"हा येवढा खड्डा. तो आलाच की भरून, माय."

"खड्डा नव्हे, विवर. आकाशातून दगड आदळून झालेलं. आणि ते भरून आलेलं नाही, त्यात पाणी साचलंय."

"बरं, विवर." बुवा गालातल्या गालात हसले. "आन् चंद्रावरचे?"

"ती नाही भरत. तिथे वारा नाही, पाणी नाही… घाव बसला तसाच राहतो." बाईंचा आवाज कोरडा होता. "माझंही तसंच झालंय."

बुवांनी पाण्यावरची नजर वर आभाळाकडे नेली.

"लेकराला कधी दाखवला होता चंद्र?"

"एकदाच. दुर्बिणीतून."

"मंग? काय म्हने?"

"म्हणाला… आई, चंद्राला किती खळ्या पडल्यात. कोण हसवतंय गं त्याला?"

"आन् तू?"

बाईंची मान खाली गेली.

"मी म्हटलं, खळ्या नव्हे, विवरं म्हणायचं."

वाऱ्याने बाभळीची पानं हलली. बाई हळूच म्हणाल्या, "त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची, बुवा. खूप गोड दिसायचा."

"मंग आता सांग, माय. चंद्रावर काय हाये?"

बाईंनी तोंड उघडलं. सवयीचा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला.

"खळ्या," त्या म्हणाल्या. "खळ्या आहेत…"

समोरचं सरोवर धूसर झालं. बुवांसमोर रडण्याची लाज वाटून त्यांनी घाईने पदर डोळ्यांकडे नेला, तर बुवांनी हातानेच थांबवलं.

"राहू दे, माय. आलं भरून."