झुपकीचा दाणा आणि चाकाचं कडं

झुपकी नावाची एक खार होती. इवलीशी. शेपटी मात्र झुपकेदार.

तिला तगरीखाली एक शेंगदाणा सापडला. आईने दिलेला नाही. स्वतः शोधलेला. तिचा पहिलाच.

दाणा घेऊन झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणात वैजूताईच्या सायकलचं मागचं चाक होतं. सायकलवरून काढलेलं, भिंतीला टेकवलेलं. झुपकी चाकावर चढून बसली. दाणा खायला तोंड उघडलं, आणि दाणा निसटला.

टण टण टण... खट्ट!

चाकाच्या तारांवर आपटत दाणा खाली गेला. थेट चाकाच्या मधोमध, एका दातेरी चकतीच्या मागे जाऊन अडकला.

मागच्या चाकाला अशा खूप चकत्या असतात. सगळ्या दातेरी. एकमेकींना चिकटून बसलेल्या. सायकलवाले त्यांना कॅसेट म्हणतात. सगळ्यात मोठी चकती सगळ्यात मागे. तिच्यामागे तारा. मध्ये झुपकीचा दाणा.

झुपकीने नख घातलं. पोचलं नाही. शेपटी घातली. तीच अडकता अडकता वाचली.

मग झुपकी म्हणाली, "चकती चकती, हल. दाणा अडकला."

चकती म्हणाली, "कडं सुटल्याशिवाय मी हलणार नाही."

कडं होतं चकत्यांच्या पुढे, घट्ट बसलेलं. झुपकी तिकडे वळली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कड्या कड्या, सुट.
दाणा अडकला.
चकती हलेना."

कडं म्हणालं, "माझ्या आत खाचा आहेत. त्यात चावी बसून फिरल्याशिवाय मी सुटणार नाही."

चावी राहते हत्यारांच्या पेटीत. पेटी पायरीवर. झुपकी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पेटीत सगळ्यात वर हातोडी. ती लगेच तयार झाली. कुणाला ठोकायचं आहे, एवढंच तिने विचारलं.

झुपकीने हातोडीचं डोकं नीट पाहिलं. गुळगुळीत, गोल. खाचेत बसेल असं काहीच नाही.

"तू नको," झुपकी म्हणाली, आणि पेटीत आणखी आत शिरली.

तळाशी होती चावी. बुटकी, दातेरी. कड्याला जितक्या खाचा, तितकेच हिचे दात.

"चावी चावी, फिर.
दाणा अडकला.
चकती हलेना.
कडं सुटेना."

चावी म्हणाली, "पाना वळल्याशिवाय मी फिरणार नाही."

पाना शेजारीच होता. लांब, जड, तोंड उघडं.

"पान्या पान्या, वळ.
दाणा अडकला.
चकती हलेना.
कडं सुटेना.
चावी फिरेना."

पाना म्हणाला, "मी वळलो की चकतीही गरगर वळते. दांड्याने तिला धरल्याशिवाय मी वळणार नाही."

दांडा खिळ्याला टांगलेला होता. त्याच्या टोकाला साखळी, सायकलला असते तशीच. झुपकी भिंतीवर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दांड्या दांड्या, धर.
दाणा अडकला.
चकती हलेना.
कडं सुटेना.
चावी फिरेना.
पाना वळेना."

दांडा म्हणाला, "ताईने हात लावल्याशिवाय मी धरणार नाही."

वैजूताई दारात चपला घालत होती. चकत्या मळल्या होत्या. त्या काढून धुवायच्या होत्या. पण तिने कधी कॅसेट काढली नव्हती. म्हणून चाक दुकानात न्यायला निघाली होती.

चाक गेलं की दाणाही गेला. झुपकी धावत सुटली. तुरुतुरुतुरुतुरु! आणि ताईच्या चपलेवरच जाऊन बसली.

"ताई ताई, हात लाव.
दाणा अडकला.
चकती हलेना.
कडं सुटेना.
चावी फिरेना.
पाना वळेना.
दांडा धरेना."

वैजूताई चाकाजवळ येऊन खाली बसली. तिने चाकात वाकून पाहिलं. होता खरा दाणा.

पण ती म्हणाली, "कशाने काढायचं ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही." आणि पेटीतली हातोडी उचलून विचारलं, "ही चालेल?"

झुपकी हातोडीवर चढली. शेपटी ताठ केली.

"ताई, नीट ऐक," ती म्हणाली.

"दाणा अडकला.
चकती हलेना.
कडं सुटेना.
चावी फिरेना.
पाना वळेना.
दांडा धरेना.
हातोडी यात नाहीच."

वैजूताईने ऐकलं. हातोडी खाली ठेवली. चपला काढल्या.

तिने चावी घेतली. कड्याच्या खाचांत बसवली. खट्. बरोब्बर बसली.

पाना घेतला. चावीवर घट्ट लावला.

दांडा घेतला. त्याची साखळी चकतीच्या दातांवर गुंडाळली.

एक हात दांड्यावर. एक हात पान्यावर. दांडा धरायचा, पाना दाबायचा.

हं...

काहीच झालं नाही. साखळी दातांवरून घसरली. वैजूताईने ती पुन्हा नीट गुंडाळली. पुन्हा जोर लावला.

हं... हंऽऽ...

कर्रर्र!

ताई दचकली. काही मोडलं का, म्हणून थांबली.

कडं म्हणालं, "मोडलं नाही. सुटताना माझा असाच आवाज होतो."

मग काय!

ताईने हात लावला.
दांडा धरू लागला.
पाना वळू लागला.
चावी फिरू लागली.
कडं सुटू लागलं.
चकती हलू लागली.

सुळ्ळकन सगळ्या चकत्या ताईच्या हातात आल्या.

आणि दाणा?

टप्प!

झुपकीने दाणा उचलला. फुंकर मारली. फू फू.

वैजूताईचे हात काळे झाले होते. नाकावरही काळं लागलं होतं. ती आपले हात पाहत होती आणि हसत होती. आता दुकानात जायचंच नव्हतं.

झुपकी पायरीवर बसली. समोर चावी, पाना आणि दांडा. झुपकीने एकेकाला विचारलं, दाणा खाणार का. चावी नको म्हणाली. पाना नको म्हणाला. दांडा नको म्हणाला.

मग झुपकीने एकटीनेच खाल्ला.

कुटुम कुटुम. कुटुम कुटुम.

संपला दाणा!