आकडीवरचे ओरखडे

काठ्यांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. पोपच्या अंगठीने धर्मपरिषद बोलावली आणि देशोदेशीच्या बिशपांच्या हातातल्या, मेंढपाळासारखी आकडी असलेल्या काठ्या रोमला जमल्या. कोकणकिनाऱ्यावरून शिसवाची एक जुनी काठीही आली.

प्रश्न एकच होता. दुष्काळात कळप सोडून गेलेली मेंढरं परत घ्यायची का?

"मुळीच नाही," सोन्याने मढवलेल्या काठ्या म्हणाल्या. "आणि शिसवाबाई, तुम्ही मागे बसा."

"मागून दिलं तरी मत एकच मोजतात, तुमच्याइतकंच," शिसवाची काठी म्हणाली. "आपली मान कशाला वाकवलीय? चुकलेलं मेंढरू ओढून आणायला. माझ्या आकडीवर त्याचे ओरखडे आहेत. तुमच्या आहेत का?"

सोन्याच्या काठ्यांनी आपापल्या आकड्या पाहिल्या; सगळ्या गुळगुळीत होत्या. मग एकेक काठी तिच्या बाजूने झुकली. तरी अंगठीची मोहोर उठल्याशिवाय ठराव पक्का होणार नव्हता. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही ठरवलंत, आता मीही तेच म्हणते," असं म्हणत अंगठी लाखेवर टेकली.

गावी परतल्यावर सुतार शिसवाची काठी घासून नवी करायला बसला.

"बाकी सगळं घास," काठी ताठ होत म्हणाली, "आकडीला हात लावायचा नाही."